कुलपावर फुकट मागितलेलं नाणं

"पण तिने तुम्हाला सरळ विचारलं होतं ना?"

"अगं, बाजारात सरळ कोण विचारतं? सरळ विचारलं म्हणूनच तर मला वास आला!"

"कसला वास?"

"डावाचा. तिने भोळा चेहरा करून विचारायचं, मी हुरळून पैसे मोजायचे, आणि घरी येऊन बघतो तर नाणं नकली! पोळलंय एकदा तोंड."

"म्हणून या वेळी तुम्हीच आधी खोटं बोलून घेतलंत."

"खोटं नव्हे, सावध बोललो."

"आणि नातू? 'हे टाका वर, नातवाला खेळायला होईल' म्हणालात ना तिला? आपली लेक अजून स्वतःचा टॉवेल वाळत घालत नाही, तिला मुलगा कधी झाला?"

दातवाल्यांच्या हातातला चहा संपला होता, तरी त्यांनी कप तोंडाला लावला. बायको पडद्याची खालची पट्टी दुमडत होती. तिने सुई पडद्यात तशीच खुपसून ठेवली, आणि हे लक्षण काही बरं नव्हतं.

दातवाले म्हणजे कवळ्या बनवणारे. दातांच्या दवाखान्यामागच्या अंधाऱ्या खोलीत तीस वर्षं त्यांचं एकच काम: लोकांच्या हिरड्यांचे ठसे घ्यायचे, साचे भरायचे, दात बसवायचे, घासायचे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. अशा माणसाला ओतकाम कळणार नाही तर कुणाला? नकली नाणं साच्यात ओतलेलं असतं, त्याच्या कडेला सांध्याची बारीक रेघ राहते, अंगावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. ते त्यांना भिंगाशिवाय दिसायचे. तरीही आठ वर्षांपूर्वी रविवारच्या जुन्या बाजारात एका गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांच्या गळ्यात ओतीव नाणं मारलं होतं. साचेवालाच साच्यात सापडला म्हणून बाजार सहा महिने हसला. तेव्हापासून दातवाले कुणी "नमस्कार" म्हटलं तरी याला काय हवं असेल, याचा विचार करू लागले.

त्यांची खरेदीची एक रीत होती. जे नाणं हवं, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पथारीसमोर उकिडवं बसायचं, एखादं गंजकं कुलूप उचलायचं, त्याची किंमत विचारायची, "एवढी?" म्हणून उठायचं, पुन्हा बसायचं. घासाघीस रंगात आली की जाता जाता म्हटल्यासारखं म्हणायचं, "बरं, मग हे एक टाका वर." ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि येताना भांड्यासकट ताक फुकट आणायचं! घरातलं एक कपाट अशा किल्ली नसलेल्या कुलपांनी, खिळ्याविना बिजागऱ्यांनी आणि दांडीविना पळ्यांनी भरलं होतं. लग्नाआधी बायको तिच्या वडिलांच्या छत्र्यांच्या दुकानात बसायची. तिचं नाव विचारायच्या आधी दातवाल्यांनी तीन छत्र्या विकत घेतल्या होत्या, आणि तेही भर उन्हाळ्यात. तेव्हा तिला ते फार गोड वाटलं होतं.

आता हे नाणं. बटणवाल्याची पथारी तो वारल्यावर त्याची बायको चालवायची. बटणं, कुलपं, चष्म्यांच्या काड्या. त्या रविवारी तिने गल्ल्यातून चांदीचं एक नाणं काढलं आणि दातवाल्यांच्या तळहातावर ठेवलं.

"भाऊ, हे यांच्या खणात सापडलं. मला यातलं काही कळत नाही. काय असेल हो हे?"

नाण्यावर जहाज होतं. शिडं उजवीकडे फुगलेली आणि झेंडा मात्र डावीकडे फडफडत होता. एकाच जहाजावर दोन दिशांचा वारा! टांकसाळीतल्या कारागिराची ही चूक एकच वर्ष चालली, मग ठसा बदलला. नाणी जमवणारे जन्मभर हा उलटा झेंडा शोधतात. दातवाल्यांनी तो बघताक्षणी ओळखला. पण पाठोपाठ दुसरा विचार आला. हीच वस्तू, आजच, आणि मलाच? हिला कुणी पढवून पाठवलंय?

"ओतीव आहे, वहिनी," ते म्हणाले. "कथिल असणार. खेळण्यातलं."

"असं होय," ती म्हणाली.

मग दहा मिनिटं कुलपाची घासाघीस झाली, नातवाचा जन्म झाला आणि नाणं खिशात आलं. घरी येऊन कवळ्यांच्या काट्यावर तोललं, भिंगाखाली फिरवलं. सांधा नाही, बुडबुडा नाही. शंभर नंबरी! लढाई जिंकल्याच्या थाटात त्यांनी सगळी कथा बायकोला सांगितली, अगदी वहिनींच्या आवाजाची नक्कल करून. आणि तिथून ही तोंडातोंडी सुरू झाली.

ती त्या दिवशी संपली. पुढे जे सुरू झालं ते भांडणापेक्षा वाईट होतं.

सोमवारी दातवाले म्हणाले, "गोळी घेतली मी." बायकोने पाकीट उघडून रिकामी खोबण पाहिली, मग मान डोलावली.

मंगळवारी म्हणाले, "आमटी फक्कड झालीय."

"म्हणजे? नक्की काय हवंय तुम्हाला?"

"अगं, काही नको! चांगली झाली म्हणून चांगली म्हटलं."

"बरं," ती म्हणाली, आणि वाढणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. जणू भिंगाखाली धरलेलं नाणंच.

बुधवारी त्यांना यायला उशीर झाला. "जबडा बिघडला एकाचा," ते म्हणाले. तिने दवाखान्यात फोन लावून विचारलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा! जबडा खरोखरच बिघडला होता, पण त्याने काय होतं? स्वतःच्या घरात स्वतःचाच शब्द खणखणीत वाजवून घ्यावा लागत होता. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला आपल्यावर घेतलेला संशय एक आठवडाही सोसवेना.

शनिवारी ते म्हणाले, "उद्या देतो परत. झालं?"

"मी येते बरोबर."

"देतो की नाही ते बघायला?"

"द्याल तुम्ही. काय सांगून देता, ते ऐकायचंय."

रविवारी पथारीसमोर दोघं उभी राहिली. बटणवाल्या वहिनी बटणं रंगांप्रमाणे पुड्यांत भरत होत्या. दातवाले सवयीने उकिडवे बसले, हात सवयीने एका बिजागरीकडे गेला. "ही कितीला, वहिनी?"

बायको नुसती खाकरली. बिजागरी खाली ठेवली गेली.

"ते नाणं," दातवाल्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. "घाईत पाहिलं होतं हो मी. भिंग नव्हतं बरोबर. त्यामुळे..."

बायको पुन्हा खाकरली.

"...खोटं बोललो," दातवाले म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून नव्या कवळीसारखा बाहेर आला, अडत, खुपत. "खरं आहे ते. चांदीचं. कमी भावात कुणाला देऊ नका. आणि नातूबितू काही नाही मला."

वहिनींनी पुडीला रबर लावलं. "माहीत आहे मला."

"नातवाचं?"

"नाण्याचं. तुम्हाला विचारायच्या दोन दिवस आधीच एका जाणकार माणसाला दाखवलं होतं. त्याने कागदावर लिहून दिलंय."

"मग मला कशाला विचारलंत?"

"असल्या नाण्यांचे दोन डबे आहेत यांचे. निवडून, तपासून, भाव लावायला कुणाच्या तरी हवाली करायला हवेत. हे नेहमी म्हणायचे, नाण्यातलं कळतं ते दातवाल्याला. कळतं ते ठाऊक होतं, भाऊ. खरं सांगता की नाही, तेवढं बघायचं होतं."

"आणि नाणं गेलं असतं म्हणजे?"

"एक गेलं असतं. दोन डबे वाचले असते."

दातवाल्यांचे कान लाल झाले. वहिनींनी नाणं उचललं, उलटसुलट पाहिलं, गल्ल्यात टाकलं. मग थोडा वेळ त्यांच्याकडे आणि थोडा वेळ बायकोकडे पाहत राहिल्या. "पण आणलंत परत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उशिरा का होईना. आमच्या यांचा अंदाज अगदीच काही चुकला नाही म्हणायचा." आणि त्यांनी पाठीमागच्या कापडी पिशवीकडे हात नेला. पिशवीत काहीतरी जड खुळखुळलं.

बायकोचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला. तिने दातवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

एवढ्यात दातवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे डाव होताच! वास बरोबर आला होता! ते ताडकन उठले, खांद्यावरचा हात कुठच्या कुठे गेला, आणि भर बाजारात बायकोकडे वळून टाळी देण्यासाठी तळवा पुढे करत ओरडले, "बघ! सांगत होतो ना तुला! मला जोखायलाच बसली होती ही बाई! आठवडाभर मला उगाच आरोपीसारखं वागवलंस. आता बोल, कोण बरोबर होतं?"

वहिनींचा हात पिशवीच्या गाठीवर थांबला. त्यांनी गाठ सोडली नाही. पिशवी पायाने मागे सारली आणि त्या पुन्हा बटणं भरू लागल्या.

"बोल ना!" दातवाल्यांचा तळवा अजून हवेत होता. "अगं, कोण बरोबर होतं?"

बायकोने पदर खोचला, जुन्या पंख्यांच्या आणि तडकलेल्या आरशांच्या पथाऱ्यांमधून वाट काढली आणि मागे न बघता फाटकाबाहेर निघून गेली.