टकलेबाईंच्या चेंबरची कडी

किल्ली मीच तोडली. इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयात मी पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे फायली ठेवणारा कारकून. बाहेरच्या गोंगाटाला वैतागून चेंबरचं दार आतून बंद करायला गेलो आणि अशी ताकद लावली की अर्धी किल्ली कुलपातच राहिली. आत अडकलो आम्ही तिघं: मी, न्यायाधीश टकलेबाई आणि आठ वर्षांची शेवंती. बाहेर तिचा बाप. मिल बंद पडल्यापासून तो पोरीवर पट्टा चालवतो, असं तिच्या आईचं म्हणणं. पण पोरगी तीन तारखा मुकीच. आज बोलली नाही, तर बापाकडेच जाणार होती.

बाई नेहमीसारख्या खुर्ची सोडून तिच्याजवळ फरशीवर बसल्या होत्या. बाप दार ठोकत होता.

"मॅडम, सुतार येईपर्यंत कोणी आत येऊ शकत नाही," मी घाम पुसत म्हणालो.

"पप्पा पण नाही?" शेवंतीनं विचारलं.

"बेटा, खुद कलेक्टर आला तरी नाही!" मी म्हणालो.

तिनं फ्रॉकची बाही वर सारली आणि बोलायला लागली. बाईंनी शब्द न् शब्द स्वतः लिहून घेतला.

दोन तासांनी सुतार आला. संध्याकाळी शेवंती आईबरोबर घरी गेली. मी खाली मान घालून विचारलं, "मॅडम, नवं कुलूप कोणतं आणू?"

"कुलूप नको, आतून कडी बसवा, पोरांचा हात पोचेल इतकी खाली."