कुणी न उघडलेलं पान

माझा नवरा नक्की काय काम करतो, हे लोकांना नीट सांगायला मला लग्नानंतर सहा वर्षं लागली. चित्रं काढणारे, फिल्म जोडणारे, आवाज मिसळणारे लोक जे दणकट कॉम्प्युटर वापरतात, ते बनवणाऱ्या कंपनीत तो आहे. तो कॉम्प्युटर बनवत नाही आणि त्याला चित्रही काढता येत नाही. सेटिंगमध्ये कुठलं बटण कुठे असावं, त्यावर कुठला शब्द असावा आणि कुठलं बटण मुळात नसावंच, हे तो ठरवतो. ऑफिसात त्याला सोपेराव म्हणतात. माझ्या आत्याने एकदा खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "आत्या, तो बटणं कमी करतो." आत्या म्हणाली, "याला नोकरी म्हणतात?"

घरीही तेच. आमच्या वॉशिंग मशीनवर चौदा बटणं होती, त्यातल्या अकरांवर याने पांढरी चिकटपट्टी लावून टाकली. एकदा लोकरीचा स्वेटर धुवायचा म्हणून मी नखाने पट्टी खरवडत बसले होते. तोंडाचा पट्टा चालूच होता. हा शांतपणे म्हणाला, "वर्षातून एकदा लागतं गं ते." "पण लागतं तेव्हा लागतं ना!" मी ओरडले. तो हसला. माझ्या ओरडण्याला तो नेहमी हसतो.

पण कामात तो पक्का. कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या मागे बुटकं स्टूल घेऊन तासन् तास बसायचा, एक शब्द न बोलता. कुणी उसासा टाकला की वहीत एक रेघ, कुणी मान मागे टाकली की फुली. "माणसाला आपलं सेटिंगचं पान उघडावं लागलं म्हणजे आपण हरलो," असं तो म्हणायचा. गाणी मिसळणारा एक दाढीवाला तर त्याला मिठी मारून गेला होता, की तुमच्यामुळे माझा रोजचा अर्धा तास वाचतो. मी चेष्टा करत असले तरी मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, म्हणून तर हे लिहिणं जड जातंय.

त्याची ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला अक्षरं गिरवायला तिनेच शिकवलं. ताई शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, पानाच्या शिरा, बेडकाचं हृदय, कानाच्या आतला शंख. एकटी राहायची आणि खिडकीशी टेबल लावून दिवसभर काम करायची. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताची बोटं निकामी व्हायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हे बरं होणार नाही, हळूहळू वाढेल. आहे ती ताकद जपून वापरा. काहीही झालं तरी जोर लावायचा नाही."

त्या वेळी तिच्याकडे याच कंपनीचा कॉम्प्युटर होता, चित्रं काढायची पाटी आणि पेन जोडलेला. एका रविवारी हा सेटिंगच्या पोटात शिरला. तिथे पेनच्या बारीक जुळणीचं एक पान होतं. त्यातला दाबाचा आकडा त्याने अगदी तळाला नेला आणि पेन ताईच्या हातात दिलं. पेन नुसतं टेकवलं तरी रेघ उमटली, अखंड. ताई इतकी हसली की मला रडू आलं. ते पान कुठे आहे, त्याला काय म्हणतात, हे तिने विचारलंही नाही. पुढची चार वर्षं तिने त्या आकड्यावर पुस्तकं काढली.

मधल्या काळात कंपनीने सगळं सेटिंग नव्याने आखायचं ठरवलं आणि ते काम याला मिळालं. दोन वर्षं खपला. एकेचाळीस पानं होती, त्यांची नऊ केली. ठेवायचं काय आणि काढायचं काय, हे ठरवायला त्यांनी मोजणी केली होती, कुठलं पान किती लोक उघडतात याची. पेनची बारीक जुळणी वर्षभरात हजारात चार लोकांनी उघडली होती. याने ती काढली. तिच्या जागी तीन मोठी, देखणी बटणं आली, हलका, मध्यम आणि जोरकस. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं, ऑफिसात पेढ्यांऐवजी केक आला आणि मी नवी साडी नेसून गेले.

नवं सेटिंग सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप बसलं. त्यानंतर महिनाभर ताई आमच्याकडे फिरकली नाही. फोनवर म्हणायची, काम आहे. मग एका रविवारी आम्हीच गेलो. तिने चहा केला, कप डाव्या हाताने पुढे सरकवला आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली, "हात गेला रे माझा. पुस्तकाचं काम परत करून टाकलं."

"गेला म्हणजे?"

"रेघच उमटत नाही. उमटली तर मध्येच तुटते. दाबून दाबून पाहिलं तीन आठवडे. अंगठा सुजला, पण काही उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की एक दिवस असं होणार."

याने उठून कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर त्याचंच पान उघडलं, तीन बटणं, त्यातलं 'हलका' निळं. त्याने पेन पाटीवर नुसतं टेकवून पाहिलं, रेघ उमटली नाही. मग एकदम वळला आणि लहान पोरासारखा ओरडला, "ताई, तुझा हात गेला नाहीये! हे मी केलंय! तुझा आकडाच पुसला गेला!"

मला आधी राग आला. ज्याने स्वतःच्या हाताने तो आकडा लावला, त्यालाच तो आठवू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला विचारलं, तर म्हणाला, "ते मी भाऊ म्हणून केलं होतं गं. कामावर डोक्यातच आलं नाही." आणि मोजणीत तरी ताई कशी दिसणार? पान एकदाच उघडायचं, हवं ते लावायचं आणि मग रोज त्यावर जगायचं, असे लोक उघडणाऱ्यांत मोजलेच जात नाहीत.

ताईने मात्र राग धरला नाही. तिचा चेहरा असा उजळला की बस. आमच्यासमोरच तिने पुस्तकवाल्यांना फोन लावला. ते पुस्तक दुसऱ्याकडे गेलं होतं, पण हात चालत असेल तर पुढचं तुमचंच, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हा ऑफिसात त्याच्या वरच्या मॅडमकडे गेला. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी त्याचीच टिपणी त्याला वाचून दाखवली, "वापर नगण्य, काढावे." पान परत आणायचं तर पुढची आवृत्ती, म्हणजे आठ महिने. शेवटी चाचणीच्या खोलीत जुनं सेटिंग असलेला एक कॉम्प्युटर सापडला. तो आठ दिवसांसाठी घरी न्यायची परवानगी मिळाली. हा इतका खूश झाला की आनंदाची बातमी म्हणून त्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "या तीन आठवड्यांत त्यांनी जोर लावला का?"

याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सुजलेल्या अंगठ्याचं आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. दोघांनीही ते कानाआड केलं होतं.

तो कॉम्प्युटर आम्ही दोघांनी मिळून ताईच्या जिन्यावरून वर नेला. तिने केस विंचरले होते, चष्मा पुसून ठेवला होता. याने जुनं पान उघडलं आणि आकडा तळाला नेला. त्याखाली जायला जागाच नव्हती. ताईने पेन घेतलं. एका साध्या पानाची मधली शीर काढायची होती. पेन बोटांतून निसटलं. तिने ते पुन्हा धरलं. रेघ उमटली, थरथरत वाकडी गेली आणि पाटीच्या कडेवर थांबली. तिने चार वेळा प्रयत्न केला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

मग तिने पेन खाली ठेवलं आणि याच्या पाठीवर डावा हात फिरवला. "बघ, हातच गेला होता रे," ती म्हणाली. "तुझ्या मशीनचा काही दोष नव्हता. उगाच महिनाभर जिवाला लावून घेशील. शपथ आहे, आता सोड ते मनातून."

तिचा आवाज खरंच सुटल्यासारखा होता. भावाची चूक नव्हती, हे तिला कळलं होतं, आणि तेवढ्याने तिला बरं वाटत होतं. माझ्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. ते सांगितलं असतं तर हात परत आला नसता. उलट तिला कळलं असतं की तो आपणच दाबून संपवला.

हा खाली मान घालून वायर गुंडाळत होता. "हो ताई," तो म्हणाला.