साडूंची शारदा

माझ्या साडूंशी भांडण करणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. भांडायला समोरच्याचं म्हणणं कानावर पडावं लागतं, आणि साडूंच्या कानावर कित्येक वर्षांत कुणाचंच म्हणणं धड पडलेलं नव्हतं. मोहोपाड्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते कॉम्प्रेसर सांभाळायचे. त्या यंत्रांनी त्यांच्या कानांचं जे काय करायचं ते निवृत्तीच्या आत करून टाकलं होतं. हे साडू सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. साडूंचं मत वेगळं होतं. "आजकाल लोक पुटपुटतात," ते म्हणायचे. "आमच्या वेळी माणसं तोंड उघडून बोलायची." हे ते इतक्या खणखणीत आवाजात सांगत की रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला थांबून विचारी, "काका, मला बोलावलंत का?"

जे ऐकू यायचं नाही ते साडू स्वतःच्या मनाने भरून काढत आणि मग त्यावर ठाम राहत. ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, कढीपत्ता आणायला सांगितला तर ते पत्त्यांचे दोन कॅट घेऊन आले, आणि वर "पाहुणे कधी येतायत खेळायला?" असंही विचारलं. पुतणीला दाखवायच्या कार्यक्रमात मुलाचे वडील म्हणाले, "मुलगा चिपळूणला असतो." साडूंनी ऐकलं, "मुलगा पिऊन असतो." ते उठले, त्या गृहस्थांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हल्ली इतकं खरं कोण सांगतं? पण आम्हाला जमायचं नाही." ते लग्न पुढे झालं, पण त्या घरी साडूंना अजून चहाऐवजी सरबतच देतात आणि देताना हसतात. सांत्वनाला जावं तर साडूंची कुजबुज तिसऱ्या घरापर्यंत पोचायची, म्हणून आम्ही त्यांना शेवटी आणि एकटंच आत सोडत असू.

जर्मनीतल्या मुलीने गेल्या खेपेला येऊन त्यांना तपासायला नेलं आणि दोन कानांची दोन यंत्रं घेऊन दिली. साडूंनी ती बटणं आहेत की काय अशी बघितली, डबी बंद केली आणि कपाटात चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवून दिली. तिथे ती सुरक्षित राहतील, असं ते म्हणाले.

हसण्यावारी नेता येत होतं तोवर आम्ही नेलं. ताईचं मात्र वेगळंच होत गेलं. तिचा आवाज मुळात हलका. लग्नानंतर कारखान्याच्या कॉलनीत राहत असताना नवरा दिवसभर कामावर आणि बायका आजूबाजूला, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. निवृत्तीनंतर दोघंच घरात आली आणि साधं "जेवायला चला" हेसुद्धा तिला ओरडून सांगावं लागू लागलं. ओरडून कधी मनातलं बोलता येत नाही. ती हळूहळू बोलेनाशी झाली. खुणा करायची, कधी फ्रिजवर चिठ्ठी लावायची. साडू माझ्याकडे आले की म्हणत, "घर फार शांत झालंय रे." त्यांचा आवाज तेव्हा थोडा खाली आलेला असे.

या शांततेवर त्यांनी स्वतःच उपाय काढला, तो म्हणजे बोलणारं मांजर. सयामी मांजरं माणसाळलेली असतात, दिवसभर मागे मागे फिरतात आणि सतत बोलतात, असं कुणीतरी त्यांना लिहून दाखवलं होतं. त्याआधी त्यांनी दोनचार ठिकाणी बाकीचे प्रकारही पाहिले. लांब केसांचं एक मांजर त्यांना सोफ्यावरच्या उशीसारखं वाटलं. गोल तोंडाचं, करड्या रंगाचं एक फार देखणं होतं, पण अर्ध्या तासात त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. "मिठाची गुळणी धरून बसलंय," असा शेरा मारून साडू तिथून निघाले.

मी कर्जतला भिसेगावात राहतो. आमच्या मागच्या आळीतल्या एका शिक्षिकाबाईंच्या सयामी मांजरीला चार पिल्लं झाली होती. साडूंना घेऊन मी तिथे गेलो. पिल्लं दुधाळ कॉफीच्या रंगाची, निळ्या डोळ्यांची, अंगाला घट्ट बसलेल्या आखूड केसांची होती आणि चौघांचीही तोंडं चुलीत घालून काढल्यासारखी काळी. बाईंनी कौतुकाने वंशावळीचा कागद दाखवला. साडूंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "आमच्या घराण्याची पण इतकी माहिती नाही आम्हाला." मग ते हॉलच्या टोकाला गेले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "आता एकेकाला बोलवा. ऐकू आलं की मी हात वर करीन."

पहिली तीन पिल्लं आपापल्या परीने ओरडली. हात खालीच राहिला. चौथीने तोंड उघडलं आणि साडूंचा हात वर गेला. बाई संकोचल्या. म्हणाल्या, "काका, हिला नका नेऊ. ही फार बोलते. आमच्या मिस्टरांनी हिच्यामुळे हॉलमध्ये बसणं सोडलंय."

मी हे साडूंच्या कानाशी जाऊन सांगितलं. साडूंनी तीच मांजरी घेतली. उच्चार स्पष्ट आहेत म्हणून तिचं नाव शारदा ठेवलं. शेजारीपाजारी मात्र तिला भोंगा म्हणू लागले, कारण मोहोपाड्यात कारखान्यांचा पाळी बदलल्याचा भोंगा सगळ्यांच्या ओळखीचा.

शारदा घरात आली आणि साडूंना बोलायला माणूस मिळालं. ती न्हाणीघराच्या दाराशी बसून ते बाहेर येईपर्यंत आतल्या माणसाशी गप्पा मारी. ते पेपर वाचताना पेपरवर बसे आणि प्रत्येक वाक्याला उत्तर देई. "झालं की गं," ते म्हणत. ती काहीतरी लांबलचक सांगे. "तुझं बरोबर आहे, पण सरकार काय करणार?" गॅसवाला, दूधवाला, वीज मीटर बघायला येणारा, सगळ्यांचं स्वागत तीच करायची आणि जाताना फाटकापर्यंत सोडायला जायची. एकटं ठेवलं तर ती जेवायची नाही. त्यामुळे साडू जातील तिथे टोपलीत शारदा आलीच. मी फोन केला की आधी दोन मिनिटं तीच बोलायची.

मार्चमध्ये आमच्या मेव्हण्याच्या मुलीचं बारसं होतं. आमची सासुरवाडी कर्जतजवळच्या कोंडाण्याची. साडू टोपली घेऊनच आले. सकाळभर शारदा अंगणात प्रत्येकाच्या पायात घुटमळत सगळ्यांची विचारपूस करत होती. बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवून झालं, पंगत बसली. पंगत उठली तेव्हा शारदा कुठेच नव्हती.

माळ्यावर, गोठ्यात, विहिरीपाशी, सगळीकडे शोधलं. मेव्हणा पाराकडे गेला, बायका ओढ्याकडे. मी आणि साडू डोंगराच्या पायवाटेला लागलो. ऊन चढलेलं. साडू दर वीस पावलांवर थांबून हाक मारत होते, "शारदाऽ, ए शारदाऽ." त्यांचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येई. "लहान आहे रे ती," ते म्हणाले. "कुणावरही विश्वास टाकते."

एका वळणावर मला वरून तो ओळखीचा, फाटका आवाज ऐकू आला. बारीक, पण तोच. मी म्हणालो, "थांबा, ओरडतेय." साडू थांबले. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, तळहात कानामागे धरला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"तुला येतंय ऐकू?"

"येतंय की."

"मला नाही येत," साडू म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात वरच्या ठाकरवाडीतली एक म्हातारी पायवाटेने खाली आली. सकाळी पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी तिनेच आणून दिल्या होत्या. "जावयबापू, ती काळ्या तोंडाची तुमची का?" तिने विचारलं. "माझ्या मागं मागं वाडीवर आली बघा. मला वाटलं जाईल आपली परत. तर गेलीच नाय. पडवीत बसलीय."

मी ते साडूंना मोठ्याने सांगितलं. ते मटकन एका दगडावर बसले, टोपी काढून तिनेच तोंड पुसलं, आणि हसू की रडू असं त्यांचं झालं. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "पण हे असं काय करतात? हे हाक मारतात तशी ती ओ देते हाय. पहिल्या हाकेपासून देते हाय. मग हे आणखी कशापायी वरडतात?"

साडूंनी मला विचारलं, "काय म्हणाली?"

मला ते ओरडून सांगायचं नव्हतं. मी त्यांच्याजवळ दगडावर बसलो आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते उठले आणि वाट चढू लागले. वाडीवर गेलो तर शारदा चार पोरीबाळींच्या मधोमध बसून त्यांना काहीतरी सांगत होती. साडूंनी तिला उचललं, खांद्यावर घेतलं, म्हातारीला नमस्कार केला आणि खाली येईपर्यंत ती जे काय बोलत होती ते मान हलवत ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली डबी काढली. पहिला आठवडा गमतीत गेला. फ्रिज आवाज करतो हे त्यांना नव्याने कळलं. पापड खाताना ते दचकले. शारदाने तोंड उघडलं तेव्हा ते हादरलेच, आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागून आले. माझ्या घशाची तर सुटका झाली. मी त्यांना फोनवर माणसासारखा "हॅलो" म्हणू लागलो. थोड्याच दिवसांत त्यांनी कानात खाजतं अशी तक्रार केली आणि यंत्रं फक्त बाहेर जाताना लावीन असं ताईला सांगून टाकलं.

परवा मी मोहोपाड्याला गेलो तेव्हा ते ओसरीवर पेपर धरून बसले होते. आत ताई शेंगा मोडत होती आणि समोर बसलेल्या शारदाशी हलक्या आवाजात बोलत होती. कॉलनीतल्या मैत्रिणी आता कुठे कुठे गेल्या, मुलीच्या फोनची वाट बघताना दुपार कशी सरत नाही, एकदा गुजरातला बदली मिळत होती तेव्हा जायला हवं होतं, असं काहीबाही. मी तोंड उघडणार तोच साडूंनी ओठावर बोट ठेवलं. कानात यंत्र होतं.

"ताईला माहीत नाही?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग, आयुष्यात पहिल्यांदाच मला नीट ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाले, "सांगणार आहे. पण बरंच मागचं राहिलंय तिचं. तेवढं आधी ऐकून घेतो."