यमुनाआक्का आणि दुसरा गिअर

यमुनाआक्का गाडीतून उतरायला लागल्या की माझ्या गॅरेजात बसलेली माणसं बोलायची थांबायची. आधी दार पुरतं उघडायचं, मग उजवा पाय खाली. मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून, एखादी कुंडी ठेवावी तसा अलगद जमिनीवर ठेवायचा, आणि सीटमागची काठी ओढून उभं राहायचं. कुणी हात द्यायला पुढं झालं की म्हणायच्या, "राहू दे. माझा पाय हाय, मला सवय हाय त्याची." दोन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला होता.

नेकनूरपासून तीन किलोमीटरवर त्यांची रोपवाटिका होती. सीताफळ, आंबा, चिंच, लिंबू. लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या माघारी वाट्याला आलेल्या तुकड्यावर त्यांनी एकटीनं हे सगळं उभं केलं होतं. खोटं बोलून रोप विकणं त्यांना जमायचं नाही. एकदा माझ्यादेखत एका शेतकऱ्यानं विचारलं, "आक्का, माझ्या माळावर लागतील का ही?" आक्कांनी त्याला जमिनीविषयी चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "न्हाई लागायची. नेऊ नको." तो हिरमुसून निघून गेला. मी म्हणालो, "आक्का, लागतील कदाचित, असं म्हणायचं होतं की." त्या म्हणाल्या, "कदाचित म्हंजी काय? हाय म्हन, न्हाई तर न्हाई म्हन. मधलं नको मला."

रोपं पोचवायला भाड्याचा टेम्पो लागायचा. सकाळी बोलावलेला टेम्पो दुपारी यायचा आणि तोवर भरून ठेवलेली रोपं उन्हात माना टाकायची. पन्नाशी ओलांडल्यावर आक्कांनी ठरवलं, आपण स्वतः गाडी चालवायची. पुण्याला राहणाऱ्या भाचीच्या नवऱ्यानं एक वापरलेली पिकअप शोधून दिली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, डाव्या पायाला कामच नाही. परवाना काढायला गेल्या तेव्हा तिथल्या साहेबानं त्यांच्या पायाकडं बघून विचारलं, "बाई, कसं जमणार?" आक्का म्हणाल्या, "येक हाय की. ह्या गाडीला येकच लागतो." चार चकरा झाल्या, पण परवाना घेऊनच आल्या.

गाडी आली त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत चालवून बघायला बसलो. वीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करणारा माणूस मी. बाजारतळाच्या मोकळ्या जागेत गाडी सुटली आणि सवयीनं माझा डावा पाय क्लच शोधायला गेला. सापडला तो ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, मागच्या रिकाम्या कुंड्या एकमेकींवर आदळल्या, आक्कांनी डॅशबोर्डला हात टेकून स्वतःला सावरलं आणि पोट धरून हसल्या. "मिस्त्री, तो डावा पाय घरी ठिवून येत जा. मी तसंच करते."

त्यानंतर तीन वर्षं आक्का ती गाडी घेऊन कुठंही जायच्या. परळीला, गेवराईला, तलवाड्याला. बाजूच्या सीटवर पाण्याचा कॅन. त्या काळात त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याला मी नाव देऊ शकत नाही. पण टेम्पोवाल्याला फोन लावत रस्त्याकडं बघत बसलेल्या आक्का मी त्याआधी पाहिल्या होत्या, म्हणून मला फरक कळायचा.

चौथ्या उन्हाळ्यात त्या गॅरेजवर आल्या आणि म्हणाल्या, "धक्का बसतोय." मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाल्या, "तिला काय इचारतो? मला इचार. मी बसते तिच्यात. गार असली की गप ऱ्हाती. गरम झाली की पहिल्याचा दुसरा गिअर पडताना मागून कुनी ढकलल्यावानी व्हतं. आन् रिव्हर्समधून पुढं टाकली की जरा थांबती, मंग दणकन् धरती." इतकं नेमकं मला आजवर कुठल्या ड्रायव्हरनं सांगितलेलं नव्हतं.

मी गाडीखाली शिरलो. एका जोडातून ऑईल झिरपून गिअरबॉक्सच्या तळाला धूळ चिकटली होती. आतलं ऑईल कमी झालं होतं, काळं पडलं होतं, जळका वास येत होता. एवढं मला कळलं. पुढं काय करायचं ते कळत नव्हतं, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी जन्मात उघडला नव्हता. पुण्यात नाहीतर संभाजीनगरात दाखवा, एवढं म्हणायचं होतं. पण बाकड्यावर दोन ट्रॅक्टरवाले बसले होते. त्यातला एक म्हणाला, "काय बे, अडला का मिस्त्री?" मी जोड आवळला, पावर स्टिअरिंगसाठी आणलेलं लाल ऑईल काढलं आणि भरायला लागलो. तेही लालच असतं, पातळच असतं, असा माझा हिशेब.

आक्का काठीवर रेलून बघत होत्या. "मिस्त्री, ह्येच ऑईल लागतं का हिला?"

"चालतं आक्का."

"चालतं न्हाई. ह्येच लागतं का? हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "हाय."

आठ-दहा दिवस गाडी बरी चालली. मग एका दुपारी आक्कांचा फोन आला. तलवाड्याहून केसर आंब्याची कलमं घेऊन येत होत्या आणि मांजरसुंब्याच्या घाटात गाडी ओढेनाशी झाली होती. इंजिन गरगरतंय, गाडी जागची हलत नाही. मी जीप घेऊन गेलो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती, वैशाखाचं ऊन पेटलेलं होतं. आक्का ड्रायव्हरच्या सीटवरच बसून होत्या. ओठ सुकले होते. मी विचारलं, "पाणी नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "व्हतं. कलमास्नी घातलं." मी पोचेपर्यंत दीड तास त्यांनी कॅनमधलं पाणी आल्या-गेलेल्या माणसाच्या हातानं झाडांना पुरवून घातलं होतं.

मी दोर बांधायला वाकलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मिस्त्री, चालिवताना माझं काय चुकलं का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. घाटात आम्ही दोघंच होतो, बाकडं नव्हतं, ट्रॅक्टरवाले नव्हते. मी दोराची गाठ आवळत म्हणालो, "वझं जरा जास्त झालं असंल, आक्का. घाटात ॲक्सिलेटर लई दाबला की बसतो गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकचं असंच असतं."

जीपमागं टोचन लावून ओढत आणताना मी आरशात बघत होतो. त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान खाली घालून बसल्या होत्या.

गिअरबॉक्स संपला असं मी सांगितलं आणि आक्कांनी ते मानलं. परळीचा एक व्यापारी येऊन गाडी विकत घेऊन गेला. पुन्हा टेम्पो आला, पुन्हा फोन, पुन्हा रस्त्याकडं बघणं. लांबच्या गावची गिऱ्हाइकं तुटली. माझ्या गॅरेजवर यायचं त्यांना कारण उरलं नाही आणि त्या येत नाहीत याचं, खरं सांगायचं तर, मला बरंच वाटलं.

त्याच साली दिवाळीनंतर सामान आणायला परळीला गेलो होतो. स्टेशनजवळ तीच पिकअप माझ्यापुढून गेली, मागं सिमेंटची पोती. चौकातून निघाली, वेग घेतला, कुठं धक्का नाही. मी तिच्या मागोमाग गेलो आणि पुढं ती थांबल्यावर ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "काई न्हाई झालतं हिला जास्त. आत भलतंच ऑईल भरलतं कुण्या येड्यानं. लातूरला समदं काढून धुतलं, आतल्या दोन चकत्या न् फिल्टर बदलला, हिचं ऑईल टाकलं. तवापास्नं एक नंबर."

हे आक्कांना सांगायला मला आणखी दोन महिने लागले. रोज सकाळी ठरवायचो, रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी कळलं की त्या रोपवाटिका खंडानं देऊन पुण्याला भाचीकडं चालल्या आहेत. त्या दिवशी गेलो. भाचीचा नवरा सामान गाडीत भरत होता. आक्का आंब्याच्या वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ऑईलचं, ट्रॅक्टरवाल्यांचं, परळीचं. घाटातलंही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ऑईलचं जाऊ दे. माणूस चुकतंय. पण माझं चुकलं म्हनून कावून सांगितलंस? आठ महिने झालं मिस्त्री, रोज त्यो घाट मनातल्या मनात चढतेय मी. कुटं पाय जास्त पडला, कुटं कमी पडला, हुडकत बसते."

"आक्का, चुकलं माझं. माफ करा."

"मला न्हाई माहीत, एवढंच म्हनायचं व्हतं तुला. मी पुण्याला नेली असती गाडी."

"आता घ्या की दुसरी. मी स्वतः शोधून..."

"आता न्हाई," त्या म्हणाल्या. "आता भ्या बसलं पायात."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. मी हात पुढं केला तेव्हा मात्र त्यांनी तो धरला, आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी आधारानं त्या गाडीत बसल्या, ड्रायव्हरच्या शेजारी. डावा पाय मी उचलून आत ठेवला. भाचीच्या नवऱ्यानं गाडी मागं घेतली, फाटकाशी वळवली. मी खिडकीला लागून चालत होतो. समोरून एक मोटारसायकल आडवी आली आणि माझी नजर सहज खाली गेली. आक्कांचा उजवा पाय समोरच्या रबरी चटईवर घट्ट दाबलेला होता. तिथं काहीच नव्हतं. गाडी सुरळीत थांबली, पुन्हा निघाली, आणि त्यांनी तो पाय हळूच मागं ओढून साडीखाली घेतला.