मनगटावरचा हौद

गेल्या थंडीत मी रोज दुपारी मरत होतो.

म्हणजे इकडे वाशीमकडच्या मालेगावात मी चांगला जिवंत असायचो, दोन भाकरी हाणून ढेकरही द्यायचो. पण तिकडे पुण्यात आमच्या प्रांजलीच्या मोबाइलवर माझी नाडी गायब व्हायची! लेकीने दोन वर्षांपूर्वी मला स्मार्टवॉच घेऊन दिलं होतं. मी शाळेतून निवृत्त झालो आणि तिने अट घातली.

"बाबा, आता घरी बसून राहाल. तुमची नाडी अन् चालणं मले इथून दिसलं पायजे. नाई दिसलं, तर तुमी दोघं पुण्याले. आमच्या फ्लॅटमधी."

फ्लॅट! तोही पाचव्या मजल्यावर! जन्मभर अंगणात खाट टाकणाऱ्या माणसाला! मी छाती फुगवून सांगितलं, "अवं, मी रोज जेवल्यावर तुरीच्या वावरात चक्कर मारतो. पायत राय तू."

पण पाहणार काय, कप्पाळ! सकाळी शंभर टक्के दाखवणारं घड्याळ जेवणाच्या ताटावरच डोळे मिटायचं. नवं होतं तेव्हा आठवडाभर चालायचं हो! मी मनगट बदललं, पट्टा सैल केला. बायकोने तर निदानच केलं, "अजी, तुमच्यातच दम नाई, त त्याले कुठून येईन?"

शेजारचे दामूअण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमच्या अंगात गरमी लय हाय." त्या दिवसापासून बायको मला सब्जाचं पाणी पाजायला लागली. (घड्याळ दुपारी बंद पडतच राहिलं. मला मात्र सर्दी झाली!)

मग तो मंगळवार उजाडला. घड्याळ बंद. माझा मोबाइलही बंद (का, ते विचारू नका). बायको शेजारी पापड लाटायला गेलेली, तिचा फोन घरात वाजून वाजून थकला. प्रांजलीने घाबरून अनसिंगच्या मामाला फोन लावला. मी अंगणात चहाची बशी तोंडाला लावतो न लावतो, तर माझा साळा गजू मोटरसायकलवरून उडी मारून आत! खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांत पाणी, मागे आणखी दोन मोटरसायकली भरून पाहुणे!

"भाऊजीऽऽ!"

"काय झालं बाप्पा? कोण गेलं?"

"तुमी!"

बशी पडली. पाहुण्यांच्या रडण्याला शेजाऱ्यांनी साथ दिली, त्यातल्या काहींना तर मी समोर उभा आहे हे दिसूनही थांबवेना. शेवटी आलेल्या सगळ्यांना चहा पाजावा लागला, दूध दोनदा आणलं.

रात्री लेकीचा फोन आला. "बस झालं बाबा. रविवारी गाडी घेऊन येते. सामान बांधा."

बायकोने खरंच पेटी काढली.

शुक्रवारी आमच्याकडे नळ येतो, आठवड्यातून एकदाच. नळ आला की वाटीसुद्धा भरायची, हा आमच्या गल्लीचा कायदा. त्या दिवशी हौद काठोकाठ भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खडखडाट!

"पाणी कोण पेऊन राह्यलं?" बायको ओरडली. मी हौदात उतरलो, तर मांड्यांपर्यंत गाळ! हौद काठोकाठ भरलेला दिसायचा, पण पाण्याला जागा उरलेली वीतभरच.

मी गाळात उभा राहून असा ओरडलो की दामूअण्णा भिंतीवरून डोकावले. घड्याळाचंही हेच! शंभर टक्के म्हणजे उरलेल्या जागेचे शंभर टक्के! आणि जागा कमी कोणी केली? मीच! विजेची लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही घड्याळही नळाच्या पाण्यासारखं भरून ठेवत होतो. लाइन आली की लाव, हातातून काढलं की लाव, भरलं तरी लावूनच ठेव, तेही तापलेल्या इन्व्हर्टरच्या डोक्यावर! बॅटरी जुनी होत होतीच. मी तिला शेकून शेकून लवकर म्हातारी केली.

हौदातला गाळ उपसता येतो, बॅटरीतला येत नाही. तसाच वाशीम गाठलं आणि नवी बॅटरी टाकून आणली.

रविवारी लेक आली. मी तिला हौदाच्या काठावर उभं करून असा पाठ दिला की नोकरीत कधी दिला नसेल! घड्याळात रात्रीपर्यंत दम कायम. तिने हात जोडले.

"मानलं बाबा! पुणं रद्द. आता ह्या घड्याळाले मरू देऊ नका फक्त."

जिंकलो! बायकोने पेटी परत माळ्यावर टाकली, गजू वांगी घेऊन आला, अंगणात रोडगे भाजले. गल्लीतले लोक आपापले मोबाइल घेऊन माझ्यापुढे रांगेत, आणि मी वैद्यासारखा एकेकाला विचारतोय, "इन्व्हर्टरवर ठेवता काय?"

आठ दिवसांनी प्रांजलीचा फोन आला.

"बाबा, बॅटरी झकास हाय. दिवसभराचं सगळं दिसते आता."

"मंग! बाप कोणाचा हाय!"

"ते खरं. पण जेवल्यापासून चहापर्यंत हे घड्याळ तुमची गाढ झोप दाखवते. रोज! तुरीचं वावर खाटेवर आलं काय?"

पुणं टळलं, यात वाद नाही. पण आता रोज जेवल्यावर लेकीच्या हुकमाने गजू मोटरसायकल घेऊन दारात उभा असतो, आणि मी जांभया देत तुरीतून फिरत असतो, मनगटावर शंभर टक्के जिवंत घड्याळ घेऊन!