मी न मागितलेली माफी

असे न उलगडणारे अनुभव मी वाचते, पण लाल पेन हातात असल्यासारखे वाचते, हे आधीच सांगून टाकते. कुठे उजेड नव्हता, कोण घाबरलेलं होतं, कोणाला ताप होता... दुसऱ्या परिच्छेदातच चूक सापडते. सव्वीस वर्षं भंडाऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते आहे, त्यामुळे सवयच तशी. तरीही आज लिहायला बसले, कारण घरात माझं कोणी ऐकून घेत नाही. नवरा म्हणतो, "झालं ते चांगलंच झालं ना? मग कायले उकरून राहिली?" आणि नेमकं हेच डोक्यात जातं. चांगलं झालं की वाईट, हा प्रश्नच नाही. ते मी केलेलं नाही — हा प्रश्न आहे.

तर, गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याचं, भूषणचं लग्न झालं. भूषण म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. दीर आणि लताताई, म्हणजे माझी मोठी जाऊ, सानगडीला राहतात; धानाची शेती आहे. मुलगी नागपूरची. मुलीकडच्यांनी साकोलीच्या पुढे जंगलाला लागून असलेलं एक मोठं रिसॉर्ट घेतलं होतं. नाव देत नाही, त्यांची काही चूक नाही. तलावाकडे तोंड केलेल्या खोल्या, पोहायचा हौद, आणि एका टोकाला स्पा. विहीणबाईंनी — म्हणजे मुलीच्या आईने — वरपक्षाच्या बायकांसाठी तिथल्या मसाजची वेळ लावून ठेवली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी. माझ्या वाट्याला तीनची वेळ आली, माझ्यासोबत लताताईंची.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. लताताई आणि मी अकरा वर्षं एकमेकींशी नीट बोललो नव्हतो.

आमच्या सासूबाई सानगडीला लताताईंजवळ असायच्या. त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी सहज भेटायला गेले, तर आईंना धाप लागलेली, पाय सुजलेले, ओठ निळे पडत चाललेले. लताताई आणि दीर शेतावर होते, फोन लागत नव्हते. मी वाट पाहिली नाही. साकोलीहून अँब्युलन्स मागवली आणि आईंना घेऊन थेट नागपूर गाठलं. लताताई चिखलाच्या पायांनी घरी आल्या तेव्हा खाट रिकामी होती. तिसऱ्या दिवशी आई दवाखान्यातच वारल्या. तेराव्याला लताताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुनं माझ्याजवळून नेलं तिले." मी म्हटलं, मी जे केलं ते बरोबर होतं. झालं. त्यानंतर अकरा वर्षं, कार्यक्रमात भेट झाली की "कशी आहेस", "बरी आहे", आणि ताटात भाजी वाढायची.

मी आजही म्हणते, नेलं ते बरोबरच होतं.

असो. तीन वाजता आम्ही स्पाच्या दारात. लताताईंनी आत डोकावून पाहिलं — मेणबत्त्या, पाण्यात फुलं, कुठूनतरी बासरी — आणि म्हणाल्या, "मले नाही पाह्यजे हे तेल-बिल. तू जाय. मी इथंच बसतो." आणि बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

मला खरं तर परत फिरायचं होतं. पण खांदा वर्षभर दुखत होता, म्हटलं जाऊन तर बघू. आत गेले तर आधी दोन पानांचा फॉर्म. "आज तुमचं मन कुठे आहे?" असा एक प्रश्न होता. मी लिहिलं, "लग्नात." मग एक पांढरा झगा आणि एक कागदाची निकर हातात दिली... वय वर्षं बावन्न, आणि मी कागदाची निकर घालून उभी. माझी साडी, कांद्याच्या रंगाची, कोसा रेशमाची, माहेरच्या मागावर विणलेली, घडी करून लॉकरमध्ये ठेवली. किल्ली रबरी पट्ट्यात होती, ती मनगटात अडकवली.

मसाज करणारी मुलगी केरळची, शीजा. हिंदी तोडकंमोडकं, हात मात्र फार चांगला. टेबलाला तोंड ठेवायला भोक असतं, त्यात चेहरा घालून पालथं पडायचं. खाली जमिनीवर पितळी वाटीत झेंडूच्या पाकळ्या. सव्वा तास मी त्या पाकळ्याच पाहत होते. सगळे म्हणतात, तुला झोप लागली असेल. नाही लागली. लागूच शकत नव्हती, कारण ती बासरी दर थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची आणि मध्येच एक घंटी वाजायची. मी घंट्या मोजत होते. चौदा झाल्या. शेवटी शीजाने डोक्यावर वाटीभर कोमट तेल ओतलं, केस चोळले, आणि मी झगा उतरवून, साडी कशीबशी नेसून, ओघळत्या डोक्याने बाहेर आले.

लताताई बाकावरच होत्या. डोळे सुजलेले. माझ्याकडे पाहिलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा हसल्या.

"एवढ्यात तेलही लावून आली? आत्ता तर अंबाडा नीट होता तुझा."

मी म्हटलं, "आत्ता कुठे, ताई? दीड तास झाला मला आत जाऊन."

"काय बोलून राहिली वं? अर्धा तास बसली ना इथं माझ्याजवळ. अर्धा चहाही पेली माझा."

मला वाटलं, माझी कोणाशी तरी गल्लत होते आहे यांची. पाहुण्या बायका बऱ्याच होत्या. मी चष्मा पुसत म्हटलं, दुसरी कोणी असेल. त्यावर त्यांनी माझा हात धरला. लताताईंनी माझा हात कधी धरलेला मला आठवत नाही.

"आता पलटू नको," त्या म्हणाल्या. "बोलली ते बरं केलं. लाखनीचं ऐकून मले लय राग आला, खोटं नाही सांगत. पण तुनं आपल्या तोंडानं सांगलं. संपलं आता."

लाखनी हा शब्द ऐकला आणि मी हात सोडवून घेतला.

लाखनीची गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी नागपूरला नेताना लाखनीजवळ हायवेवर ट्रक अडकले होते आणि आमची अँब्युलन्स पंधरा-वीस मिनिटं जागेवर उभी होती. मागे फक्त मी आणि आई. आईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, "मले मोठीजवळ ने वं. मले तिच्याचजवळ राहू दे." मोठी म्हणजे लताताई. आणि मी म्हटलं, "हो आई. घरीच जाऊन राहिलो आपण." त्यांनी डोळे मिटले. गाडी सुटली ती नागपूरच्या दिशेने. दवाखान्यात दोन दिवस त्या विचारत होत्या, "घर आलं काय?" आणि मी दोन दिवस म्हणत होते, "आलंच, आई."

हे सगळं, शब्द न् शब्द, लताताई मला सांगत होत्या. त्या मास्कसकट. "आलंच, आई" सकट. आणि म्हणत होत्या की हे मीच त्यांना सांगितलं, या बाकावर बसून, त्या कांद्याच्या रंगाच्या साडीत. शेवटी म्हणे मी पाया पडले आणि म्हटलं, मला माफ करा.

मी माफी मागितली नव्हती. मागायचा विचारही नव्हता. साडी लॉकरमध्ये होती आणि किल्ली माझ्या हातात.

मी तडक आत गेले. शीजा चादरी बदलत होती. मी विचारलं, "मैं बीच में उठ के बाहर गई थी क्या?" ती गोंधळली. "नहीं मॅडम. पूरा टाइम मेरा हाथ आपके ऊपर था."

मग मॅनेजर. त्याला वाटलं तक्रार आहे. "मॅडम, सर्व्हिस में कुछ प्रॉब्लेम हुआ क्या?" मी म्हटलं, सर्व्हिस छान होती, मला फक्त कॅमेरा दाखवा. त्याने आधी फीडबॅकचा फॉर्म पुढे केला, मग लिंबू सरबत, मग दुसऱ्या दिवशीचा फुकट फेशियल. वीस मिनिटं त्या माणसाशी वाद घातला तेव्हा कुठे स्क्रीन सुरू झाला. कॅमेरा स्पाच्या दारावर होता, व्हरांड्याचा बाक त्यात येत नव्हता. तीन वाजून पाच मिनिटांनी मी आत जाताना दिसते. चार अडतीसला तेलकट डोक्याने बाहेर. मधे त्या दारातून कोणीही बाहेर आलेलं नाही. आणि दुसरं दार नाही, मी स्वतः फिरून पाहिलं.

लताताईंना भास झाला म्हणावं, तर विहीणबाई. हळदीच्या तयारीत भेटल्या आणि म्हणाल्या, "दुपारी तुम्ही दोघी बाकावर बसला होता ना, मी लॉनवरून पाहिलं. म्हटलं जावाजावा बोलताहेत, मधे नको जायला." मी विचारलं, मी काय नेसले होते. "तीच की. कांद्याच्या रंगाची."

त्या लग्नात माझं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये. लताताईंनी नणंदांना सांगितलं, नणंदांनी सगळ्यांना. लाखनीचं नाही सांगितलं, ते त्यांनी पोटात ठेवलं. फक्त "सुषमानं माफी मागितली" एवढंच. येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. कधी माझ्याशी चार शब्द न बोलणारे दीर मांडवात येऊन म्हणाले, "सुषमा, मन मोठं केलं बाई." मी तोंड उघडलं की नवरा डोळ्यांनी गप्प करायचा. फोटोत लताताईंच्या शेजारी मला उभं केलं. त्या हसताहेत, आणि माझा चेहरा मुलांच्या पेपरातलं चुकलेलं गणित तपासावं तसा.

पंधरा दिवस कसेबसे काढले. मग एका रविवारी एकटीच बस धरून सानगडीला गेले. कोणी का मागितलेली असेना, मी न मागितलेली माफी माझ्या नावावर मला नको होती. लताताई अंगणात तूर झोडत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं — टेबल, शीजा, किल्ली, कॅमेरा. "ताई, ती मी नव्हते. तुम्हाला जे सांगितलं ते मी सांगितलेलं नाही."

त्यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अन् ते लाखनीचं? ते खोटं होय?"

मला "हो" म्हणता आलं असतं. सगळं मिटलं असतं... किंवा पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, जे मला सवयीचं होतं. मी म्हटलं, "नाही. ते खरं आहे."

"मंग तू सांग. तुह्या तोंडानं."

आणि मी सांगितलं. ट्रक, मास्क, "घरीच जाऊन राहिलो आपण", सगळं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. लताताई अशा ऐकत होत्या की जणू पहिल्यांदा ऐकताहेत. मी थांबले तशा म्हणाल्या, "अन् पुढचं?"

"पुढचं काय? एवढंच."

"आईले समजलं होतं ते. गाडी घरी नाही जाऊन राहिली, हे. सानगडीच्या वळणावर गाडी हिसका देते, तो हिसका बसलाच नाही म्हणे. तरी ते चूप राहिली. म्हणे, लहानीचा जीव घाबरून गेला होता, तिले खोटं बोलू दिलं मी."

मी विचारलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

लताताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तूच ना वं. बाकावर."

मला हे माहीत नव्हतं. आईंनी मला कधी असं सांगितलं नाही; त्या दोन दिवसांत "घर आलं काय" यापलीकडे त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. अकरा वर्षं मी समजत होते की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेच मला झोपू देत नव्हतं. आईंचं हे वाक्य माझ्या डोक्यातून आलेलं असूच शकत नाही. ते तिथे नव्हतंच.

मी त्या अंगणात बसून रडले. लताताईंनी रडू दिलं, मग तुरीच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बसलीच आहे तं हात लाव." संध्याकाळच्या बसपर्यंत आम्ही दोघींनी तूर पाखडली.

आता महिन्यातून एकदा जाते. लताताईंना यात काही नवल वाटत नाही, विषय काढला की म्हणतात, "तू असो का कोणी असो, बोलली ना." मला मात्र उत्तर हवं आहे आणि ते सापडत नाही. त्या दुपारी बाकावर कोण बसलं होतं, मला माहीत नाही. माझ्या साडीत, माझ्या आवाजात, माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणीतरी परस्पर उरकून टाकली. आईंचं ते वाक्य तिला कोणी सांगितलं, तेही माहीत नाही. पण ती जी कोणी होती, तिने एकदा मला विचारायला हवं होतं. मी आतच तर होते.