नकाशातलं प्लायवूडचं गाव

नकाशावर सगळ्यात लाल दिसणाऱ्या वस्तीत आम्ही पोचलो, तर एक माणूस अख्खी पडकी भिंत खांद्यावर टाकून निघाला होता.

“मॅडम, भिंत इतकी हलकी?” सबनीस साहेबांनी विचारलं.

मी अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे बनवते. वादळ येऊन गेलं की सॅटेलाइटचे आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून बघायचे. छप्पर मोडलेलं दिसलं की सॉफ्टवेअर तिथे लाल ठिपका टाकतं. तो नकाशा वेबसाइटवर लावला की संकट कुठे आहे ते लोकांना घरबसल्या कळतं. आमचा मढ बेटाचा नकाशा बघून सबनीसांच्या कंपनीने छपरासाठी पत्रे द्यायचं कबूल केलं होतं. जिथे लाल, तिथे पत्रे.

“बाजूला व्हा ना,” भिंतवाला ओरडला, “भूकंपाचा सीन लागलाय!”

झाली का पंचाईत! शूटिंगचं गाव होतं ते. प्लायवूडचं, मुद्दाम मोडलेलं. माझा बॉस नितीन कानात कुजबुजला, “साहेबांना सांगू नकोस यार, वाट लागेल.”

“अरे, त्यांना डोळे आहेत!”

सबनीस गाडीकडे निघालेच. “खरं नुकसान दाखवा, नाहीतर पत्रे दुसरीकडे पाठवतो.”

पलीकडेच कोळीवाडा. नकाशावर सगळा हिरवा, म्हणजे ठणठणीत. दारात बोंबील निवडत बसलेल्या पारूमावशीला मी टॅबवर तिचं घर दाखवलं.

“हिरवं? कोणी सांगितलं गो तुला?”

“मावशी, वरून छप्पर शाबूत दिसतंय.”

“ताडपत्री हाय ती! वारा पडला तशी पोरांनी बोटीवरची आणून बांधली. सगळ्या वाड्याने तेच केलं. तुझ्या फोटोसाठी उघडं बसायचं होतं काय?”

मला हसू आलं, पण लगेच गाडीकडे धावत जाऊन मी सबनीसांना बोलावून आणलं. पत्रे दुसरीकडे गेले असते, तर नुकसान याच लोकांचं होतं.

मावशीने सबनीसांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला. ताडपत्रीत सकाळच्या पावसाचं पाणी साचलेलं. पहिला थेंब साहेबांच्या टकलावर पडला, दुसरा कपात. साहेब वर बघत राहिले.

“चहा बदलून देऊ?” मावशीने विचारलं.

“चहा राहू दे. मॅडम, नकाशा बदला.”

पत्रे कोळीवाड्यात लागले. नितीनने रिपोर्टमध्ये ‘प्रत्यक्ष पाहणीनंतर डेटा सुधारला’ असं झकास वाक्य टाकलं. मी मात्र आता नकाशा पाठवायच्या आधी तिथल्या एखाद्या घरात चहा पिऊन येते. आभाळातून गाव दिसतं, गळकं छप्पर घरात बसल्यावरच कळतं.